बाटलीमामाचं कोमट

आमच्या डेअरीवर नवा माणूस कामाला आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं जायचं, "काही अडलं तर बाटलीमामाला विचार." नवा माणूस गालातल्या गालात हसायचा. त्याला वाटायचं, बाटलीमामा म्हणजे कोणीतरी पिणारा गडी असणार, संध्याकाळी सापडायचा नाही आणि सकाळी सापडला तर सरळ उभा राहायचा नाही. मग तो वासरांच्या गोठ्यात जायचा आणि बघायचा तर काय, साठी ओलांडलेला एक काटकुळा माणूस, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन हातांत दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या, त्यांना लाल रबरी निपल, आणि समोर दोन वासरं ढुशा देत दूध ओढताहेत. जन्मात चहापेक्षा कडक काही प्यायलेला नाही हा माणूस. पण नाव पडलं ते पडलं.

मी धारेच्या शेडवर होते. मशीनने धारा काढायच्या, नळ्या धुवायच्या, कॅन भरायचे आणि वासरांच्या वाट्याचा कॅन मामाकडे पोचवायचा. माझंही नाव पडलं होतं, 'तोफखाना'. माझ्या नाकावर राग असतो हे मला मान्य आहे, त्याला मी काय करू? पण तोंडावर तोफखाना म्हणायची छाती एकट्या मामाचीच. मी कॅन घेऊन दारात आले की तो वासरांना सांगायचा, "सावध व्हा रे, आला तोफखाना."

मी म्हणायचे, "मामा, गप्प बसा, नाहीतर हा कॅन डोक्यावर ओतीन."

"ओत, पण कोमट आहे का बघ आधी."

सतरा वर्षं रोज हेच. एकदाही मला त्याचा कंटाळा आला नाही.

ते 'कोमट' आमच्याकडे मापच होऊन बसलं होतं. वासराला दूध द्यायचं ते गाईच्या अंगाइतकं ऊन असावं लागतं. गार दिलं तर पोट बिघडतं, कढत दिलं तर तोंड पोळतं. मामा बाटलीला नुसता तळवा लावायचा आणि सांगायचा, "अजून जरा." किंवा, "झालं." मॅनेजरसाहेबांनी एकदा हौसेने तापमान बघायचा काटा आणला. मामाने त्यांच्यासमोर पाच बाटल्यांना हात लावून पाच आकडे सांगितले आणि काटा पाचही वेळा त्याच्या बाजूने बोलला. मग तो काटा प्लास्टिकच्या पिशवीसकट खिळ्यावर गेला. पुढे सगळेच म्हणायला लागले, कास धुवायचं पाणी 'मामाचं कोमट' करा, नळ्यांना 'मामाचं कोमट' चालणार नाही, उकळतं लागेल. नवी डॉक्टरबाई आली तेव्हा तिला वाटलं, हे कुठल्यातरी औषधाचं नाव आहे.

गोठ्याला लागून मामाची खोली होती. एक खाट, एक गॅस, एक पातेलं. दोन खुर्च्या होत्या, पण एकीवर कायम टॉवेल वाळत असायचे. नवीन वासरू जन्मलं की ते चोळून कोरडं करायला लागतात ते. म्हणजे बसायची खुर्ची एकच. मी गेले की तो खाटेवर बसायचा आणि खुर्ची मला द्यायचा. अकराच्या चहाला मी तिथेच असायचे.

मामी होती. म्हणजे आहे, चांगली धडधाकट आहे. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं म्हणून तीन महिन्यांसाठी दूरच्या शहरात गेली, ती गेलीच. भांडण नाही, तंटा नाही. मुलगी नोकरीवर जाते, बाळाला कोण बघणार? मग दुसरं झालं. मग शाळा सुरू झाल्या, न्यायला-आणायला कोणीतरी हवं. अशी सहा वर्षं झाली. मामी तिकडे नातवंडांना भरवत होती आणि मामा इकडे दुसऱ्यांच्या लेकरांना पाजत होता.

रविवारी दुपारी फोन यायचा, चेहरा दिसतो तसला. मामा त्याच्या आधी केस विंचरायचा. नात म्हणायची, "आजोबा, नवीन वासरू दाखवा." तो फोन घेऊन गोठाभर फिरायचा. मग फोन मामीकडे जायचा. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "हो." मग दोघं एकमेकांकडे बघत बसायची, आणि मग मामी म्हणायची, "बरं, ठेवते." सहा वर्षांत बोलायचं सगळं संपलं होतं बिचाऱ्यांचं. फोन ठेवला की मामा गोठ्यात जायचा आणि वासरांशी तासभर बोलायचा. एकटा होता हो माणूस. मी उगाच गोड करून सांगत नाही, एकटा होता. मुलगी दर वेळी म्हणायची, "बाबा, आता बास, इकडे या." तो म्हणायचा, "वासरं कोण बघणार?" मला आतून बरं वाटायचं. माझ्या खोलीवर माझी वाट बघणारं कोणी नाही. मामा गेला असता तर अकराचा चहा मी कुणाबरोबर प्यायचा?

वासरू पाजणं म्हणजे निपल तोंडात कोंबलं आणि झालं, असं ज्यांना वाटतं त्यांना मामा दारातूनच हाकलायचा. मला त्याने शंभर वेळा ऐकवलं असेल. "वासरू जन्मतं ना, ते आतून उघडंवाघडं जन्मतं. रोगाशी भांडायची ताकद त्याला आईच्या पोटात मिळत नाही. ती चिकातून मिळते, व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातून. चीक पाजायचा तो पहिल्या दोन-तीन तासांत. चाळीस किलोचं वासरू असेल तर चार लिटर, दोन खेपांत. आतड्याची दारं तेव्हा सताड उघडी असतात, ताकद थेट रक्तात जाते. दुसऱ्या दिवशी दारं बंद. मग कितीही पाज, पोट भरेल, ताकद नाही यायची."

"कळलं हो मामा. पाठ झालं माझं."

"पाठ होऊन काय उपयोग? वेळेवर उठायला हवं."

आणि तो उठायचा. कुठलीही गाय कधीही व्यायली तरी मामा हजर. वहीत लिहायचा, वासरू किती वाजता जन्मलं, चीक किती वाजता, किती लिटर, कुठल्या गाईचा. मग चार दिवस चीक, मग दूध, आठव्या दिवसापासून मूठभर भरडा, थोडं स्वच्छ पाणी, आणि दोन-अडीच महिन्यांनी दूध तोडायचं. दूध तोडायच्या आठवड्यात वासरांपेक्षा मामाच जास्त हंबरायचा असं आम्ही म्हणायचो.

गेल्या वर्षी डॉक्टरबाईने एक नवीन नियम आणला, आणि नियम चांगलाच होता. पहिलटकरीण गाईचा चीक पातळ असतो. म्हणून ज्या गाईंचा चीक दाट, पिवळा, त्यांचा जास्तीचा काढून बाटल्यांत भरायचा आणि फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचा. पातळ चिकाची गाय व्यायली की ती बाटली गरम पाण्याच्या टबात सोडून वितळवायची आणि वासराला पाजायची. एकच गोष्ट सांभाळायची, पाणी फार कढत नको. चीक पोळला तर दिसायला चीकच राहतो, पण त्यातली ताकद मरते. डॉक्टरबाई म्हणाली, "काटा वापरा." मामा म्हणाला, "बघू." बाई नवीन होती, ती हसली. आम्ही पण हसलो. मामाला कोमट शिकवणार ही!

त्याच सुमाराला मामाची आणखी एक गंमत सुरू झाली. चालता चालता त्याच्या पायातली चप्पल निसटायची आणि हा तसाच पुढे जायचा. एक चप्पल पायात, दुसरी शेणात. मागून येणारा ओरडायचा, "मामा, सांडली!" मग हा खाली बघायचा आणि ओशाळून परत यायचा. आम्ही खो-खो हसायचो. मी तर एकदा दोरीच आणली, म्हटलं, "या, बांधून देते, शाळेत जायच्या वयाचे झालात." तोही हसला. त्याचे हात लाल दिसायचे, कातडी सोलवटलेली. मी विचारलं तर म्हणाला, "बाटल्या धुवायचा सोडा बदललाय ना, त्याने." मी मलम आणून दिलं. एवढीच माझी अक्कल.

आणि मग वासरं जायला लागली.

पहिलं गेलं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. वासरं जातात कधी कधी. पण दीड महिन्यात पाच गेली. सगळ्यांची तऱ्हा एकच. तीन दिवस ठणठणीत, चौथ्या दिवशी पांढरी हगवण, डोळे खोल, कान गार, आणि दोन दिवसांत आटोपलं. मामा त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत त्यांच्याजवळ पेंढ्यावर बसून राहायचा. पाचवं गेलं तेव्हा मी कॅन घेऊन गेले होते. तो मला तोफखाना म्हणाला नाही. कॅन घेतला आणि उरलेल्यांच्या बाटल्या भरायला लागला. मला ते फार लागलं.

सगळ्यांनी आपापल्या परीने खापर फोडून बघितलं. कोणी म्हणालं पाण्याची टाकी, कोणी म्हणालं पेंढा ओला. टाकी घासली, पेंढा जाळला, कप्पे चुन्याने रंगवले. शेवटी डॉक्टरबाईने आठवडाभरात जन्मलेल्या सगळ्या वासरांचं रक्त काढून तपासलं. एका सकाळी ती आणि मॅनेजरसाहेब दोघं मामाच्या गोठ्यात आले. मी होतेच.

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाली, "मामा, निम्म्या वासरांच्या रक्तात चिकाची ताकद उतरलेलीच नाही. जणू त्यांना चीक मिळालाच नाही. किंवा फार उशिरा मिळाला."

मामा खोलीत गेला आणि वही घेऊन आला. "ही बघा. वेळ लिहिलीय. एकही वासरू दोन तासांच्या वर थांबलेलं नाही."

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हे, पण तेव्हा म्हणाले, "मामा, वहीत काय, काहीही लिहिता येतं. वय झालंय तुमचं. डोळा लागला असेल. माणूस आहात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "डोळा लागला? या माणसाचा? तुम्ही घरी घोरत असता तेव्हा हा इथे गाईच्या शेपटीशी बसलेला असतो! आणि बाई, तुम्ही काल आलात. तुमचं यंत्र चुकलं असेल. मामाचा हात कधी चुकलेला नाही!"

"यंत्र दोनदा लावलं मी," बाई म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा लावा!"

मॅनेजरसाहेबांनी मला हाताने थांबवलं. मामाला म्हणाले, "हे बघा, मला वरती उत्तर द्यायचंय. अजून एक वासरू असं गेलं, तर वासरांचं काम मी दुसऱ्याकडे देणार. खोली कामाबरोबर आहे हे तुम्हाला माहीत आहे. मग मुलीकडे जा, आराम करा. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. ते गेल्यावर मामा खाटेवर बसला. म्हणाला, "मुलीच्या घरी मी काय करू गं? तिथे सगळे सकाळी आठला बाहेर पडतात. गेल्या वेळी गेलो होतो, चार दिवस सोफ्यावर बसून होतो. मामी म्हणाली, जरा पाय वर घ्या, केर काढायचाय. दिवसातून तेवढंच काम होतं मला. पाय वर घ्यायचं."

मी हसले, आणि मग मला रडू येतंय असं वाटलं म्हणून उठून कॅन धुवायला गेले.

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, एक पहिलटकरीण व्यायली. नळ्या धुवायला मला गरम पाणी हवं होतं आणि आमच्याकडचा हीटर बंद पडलेला. बादली घेऊन मी मामाकडे गेले. तो टबाजवळ उकिडवा बसला होता. टबात चिकाच्या दोन बाटल्या तरंगत होत्या आणि त्याचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता.

मी विचारलं, "मामा, अर्धी बादली घेऊ का यातलं?"

"घे की. पण तुला उकळतं लागतं. हे कोमट आहे."

मी प्लास्टिकचा मग बुडवायला गेले, बोटं पाण्याला लागली, आणि मी किंचाळून हात मागे घेतला. हातातला मग टबात पडला. बोटं लालभडक. मी फुंकर मारत त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात अजून पाण्यातच होता. तो माझ्याकडे बघत होता, चेहऱ्यावर नुसती काळजी. "काय झालं गं? काही चावलं का?"

मी त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला. मामाचा हात शिजल्यासारखा दिसत होता. मी ओरडले, "मामा, पाणी कढत आहे! आग आहे नुसती! तुम्हाला कळत नाही?"

"काहीतरीच. कोमट आहे."

"कोपर घाला."

"काय?"

"कोपर घाला म्हणते ना पाण्यात! बायका बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. घाला!"

मी ओरडले म्हणून असेल, त्याने कोपर टेकवलं. आणि "हाय!" करून असा मागे पडला की पाठ भिंतीला लागली. मग त्याने टबाकडे बघितलं, आणि आपल्या हाताकडे. तळवा वर, तळवा खाली. मी त्याच्या बोटाला चिमटा घेतला, जोरात, राग आल्यासारखा. त्याने विचारलं, "घेतलास का?"

तेव्हा मला ती चप्पल आठवली. आम्ही सगळे हसत होतो ती. पायात आहे की नाही हे त्याला कळतच नव्हतं.

मामाने टबातल्या बाटल्या उचलल्या आणि नाल्यात ओतल्या. आईचाच जो काही पातळ चीक होता तो मी काढून आणला, तो त्या वासराला पाजला. मग तो वही घेऊन टॉवेलांच्या खुर्चीत बसला. टॉवेल खाली पडले, त्याने उचलले नाहीत. गेलेल्या पाच वासरांची पानं त्याने एकेक करून काढली. प्रत्येक पानावर त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'फ्रीझरची बाटली'. मध्ये जी जगली त्यांच्या पानांवर होतं, 'आईचा, ताजा'. एका पानावर त्याने कडेला लिहिलं होतं, 'बाटली घेईना, तोंड फिरवतं, नखरेल आहे.' त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"नखरेल," तो म्हणाला. "तोंड पोळत होतं गं त्याचं."

मी खाली बसले. मी म्हटलं, "मामा, ऐका. कोणालाही काही सांगायचं नाही. खिळ्यावर काटा आहे. आजपासून काटा वापरायचा. वासरं जायची थांबतील आणि विषय संपला. कोणाला कशाला कळायला हवं?"

मग उठून त्याने काटा पिशवीतून काढला. मला वाटलं, चला, सुटलो. जीव भांड्यात पडला माझा.

पण दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी नवीन हुकूम काढला. वासरं दगावली ती फ्रीझरच्या बाटल्यांवरची, हे डॉक्टरबाईच्याही लक्षात आलं होतं. तिने मामाची वही नेऊन ताडून बघितली होती. त्या बाटल्या तीन गाईंच्या होत्या. म्हणून साहेबांनी ठरवलं, त्या तिघींच्या चिकातच खोट आहे, त्यांना काढून टाकायचं. गाडी शुक्रवारी येणार होती. हे मी मामाला सांगितलं, आणि वर हेही म्हटलं, "जाऊ द्या ना. गाई आहेत. तुमच्यावर आलेलं त्यांच्यावर गेलं." आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. पण तेव्हा मला तो हवा होता, आणि गाईंचं मला काही पडलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी धारा चालू असताना मामा आमच्या शेडवर आला. केस विंचरलेले. मला वाटलं, आज काय रविवार आहे का? मॅनेजरसाहेब आणि डॉक्टरबाई टाकीशी उभे होते. मशीनच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मामाने स्वतः बटण बंद केलं. सगळे बघायला लागले. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"गाईंना कुठे पाठवू नका," तो म्हणाला. "त्यांचा चीक चांगला आहे. मी पोळवला. हे हात मेलेत माझे, मला कळलं नाही. पाच वासरं मी मारली."

मॅनेजरसाहेब खाली बघायला लागले. डॉक्टरबाई पुढे आली, तिने पिशवीतली सुई काढली आणि त्याच्या बोटांना, तळव्याला, मनगटाला हळूच टोचत गेली. "इथे लागतंय? इथे?" मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत तो "नाही" म्हणत होता. मग तिने पाय बघितले. टाचेत एक तारेचा तुकडा घुसलेला होता, किती दिवसांचा कोण जाणे. ती म्हणाली, "मी गुरांची डॉक्टर आहे मामा, पण ही साखर आहे. साखर कधी तपासलीत?"

"मी गोड खात नाही," मामा म्हणाला.

कोणीतरी हसलं. मी असं बघितलं त्याच्याकडे की त्याने तोंड मिटलं.

मॅनेजरसाहेबांचा आवाज पण जड झाला होता. म्हणाले, फाटकावर बसा, औषध घ्या, खोली राहू दे. मामाने मान हलवली. "वासरांच्या शेजारी राहायचं आणि वासरांना हात लावायचा नाही, हे माझ्याच्याने व्हायचं नाही साहेब. मुलीला फोन केलाय. ती पुढच्या शुक्रवारी येतेय न्यायला."

मला त्याने आधी सांगितलं नव्हतं. मी नळ्या तशाच टाकून शेडमागे गेले आणि भिंतीशी उभं राहून त्याला शिव्या दिल्या. मूर्ख माणूस. गप्प बसायला काय झालं होतं? मग मला इतकं रडू आलं की नाक पुसायला ओढणी पुरेना.

वासरांचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाला काही येतच नव्हतं, मला निदान पाठ होतं. आठवडाभर मामा खुर्चीत बसून मला सांगत होता आणि मी करत होते. "बाटली अशी उंच नको धरू, मान वर गेली की दूध नको तिथे जातं. अशी, कासेच्या उंचीला." मी चिडायचे, "धरलीय ना!" तो म्हणायचा, "तोफखाना, वासराच्या कानाशी ओरडू नकोस." आम्ही दोघं नेहमीसारखे भांडत होतो, आणि दिवस संपत होते.

जायच्या दिवशी त्याची पिशवी सकाळीच भरून झाली. एकच होती. मुलगी अकराला येणार होती. आणि नऊ वाजता एक पहिलटकरीण अडली. डॉक्टरबाईने दोरी लावून वासरू ओढून काढलं. कालवड होती, मोठी, पण दमलेली. मान टाकून पडलेली. मी चोळून कोरडी केली, नाळेला आयोडीन लावलं. आईचा चीक पातळ, पाण्यासारखा. फ्रीझरची बाटली टबात सोडली, काटा घातला, चीक वितळला तशी काढली, पुन्हा काटा.

"किती?" मामाने दारातून विचारलं.

"एकोणचाळीस."

"झालं."

बाटली द्यायच्या आधी एक गोष्ट करावी लागते. वासराच्या तोंडात दोन बोटं घालून बघायचं, ते ओढतं का. ओढत असेल तर बाटली. ओढत नसेल आणि तरी बाटली लावली, तर चीक फुफ्फुसात जातो आणि वासरू गुदमरतं. मग नळीने पोटात सोडावा लागतो. मी हात धुवून येईपर्यंत मामा वासराजवळ गुडघ्यावर बसलेला होता. तीस वर्षांची सवय. त्याने दोन बोटं वासराच्या तोंडात घातली होती आणि मान तिरकी करून तो थांबला होता, ऐकत असल्यासारखा.

मग त्याने वर बघितलं.

"ओढतंय का गं?" त्याने विचारलं.

मी त्याच्या शेजारी बसले, माझं एक बोट त्याच्या बोटांशेजारी वासराच्या तोंडात सरकवलं. ऊन, खरखरीत जीभ बोटाभोवती गुंडाळली गेली. "ओढतंय मामा."

"किती? जोरात की उगाच आपलं?"

बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. मुलीने हाक मारली, "बाबा!" तो हलला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी दुसऱ्या हाताने त्याचा हात कोपराच्या जरा खाली धरला, जिथे त्याला अजून कळत होतं तिथे, आणि वासरू ओढेल तसा दाबायला लागले. असं. असं. मग थांबून पुन्हा असं.

त्याने डोळे मिटले. "एवढं ओढतंय?"

"एवढं."

"मग जगेल," मामा म्हणाला, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "दमदार आहे की गं. दे बाटली."

मी बाटली घेतली नाही लगेच. मुलगी दारात येऊन उभी राहिली तरी मी त्याचा हात दाबत राहिले. वासरू एवढं ओढत नव्हतं. बाटली द्यायला पुरेल इतपत ओढत होतं. बाकीचा जोर माझा होता.